मुक्तस्रोत बोर्ड गेम प्रकल्पात पहिला कोड : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मी डोंबिवलीत राहते, ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते आणि गेली काही वर्षे रेल्वे कंपन्यांच्या शेअर-खेळांच्या एका लहान मुक्तस्रोत प्रकल्पात फावल्या वेळात कोड लिहिते. मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून वापरता व बदलताही येतो. माझा पहिला बदल स्वीकारला जाईपर्यंत चार महिने गेले आणि त्यांतले तीन महिने मी चुकीच्या जागी मेहनत घेत होते. प्रोग्रॅमिंगची नवी भाषा शिकण्यात मी गढून गेले होते, पण ज्या खेळाच्या कोडला हात लावायचा त्याचे नियमपुस्तक एकदाही शेवटपर्यंत वाचले नव्हते. बोर्ड गेमच्या प्रकल्पात नवख्या माणसाची पहिली खरी मदत म्हणजे खेळातली एक चूक नेमक्या पुराव्यासह दाखवणे. कोड त्या पुराव्यामागून येतो आणि बहुतेक वेळा तो फार थोडा असतो. पुढचे टप्पे मी याच समजुतीने लावले आहेत.

१. ज्याचे नियम पक्के येतात तोच खेळ निवडा

आपल्याकडे सापशिडी किंवा ल्युडो खेळताना प्रत्येक घरचे नियम वेगळे असतात. कुठे सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, कुठे एकावरही निघते; कुठे शंभरावर पोहोचायला नेमके तितकेच दान पडावे लागते, कुठे जास्त पडले तरी चालते. घरी खेळताना यात काहीच बिघडत नाही, पण संगणकावरच्या खेळात घरचा नियम आणि छापील नियम यांतला फरक तुम्हाला कळत नसेल, तर तुम्ही प्रकल्पाकडे चूक म्हणून जे पाठवाल ते बहुधा चूक नसेलच. म्हणून खेळाचे अधिकृत नियमपुस्तक मिळवा, ते कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहा आणि खेळ निदान दहा वेळा पूर्ण खेळा. नियमपुस्तक वाचायला संगणक लागत नाही. माझे बरेचसे वाचन डोंबिवली ते ठाणे उभ्याने प्रवास करताना फोनवर झाले आहे.

खेळ निवडताना आवड हाच निकष ठेवा, कारण हे काम विनामोबदला आहे आणि ते बराच काळ चालते. मला ओढ होती रेल्वेची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी धावली आणि त्याच वर्षाचे नाव देऊन फ्रान्सिस ट्रेशम यांनी भारतातल्या रेल्वेवर ‘१८५३’ हा खेळ रचला, हे कळल्यावर रोज ठाण्याला गाडी बदलणाऱ्या मला या खेळांविषयी वेगळीच आपुलकी वाटू लागली. ट्रेशम यांच्याच १९७४च्या ‘१८२९’ या खेळापासून ही परंपरा सुरू झाली. पुढच्या बहुतेक खेळांना अशीच वर्षांची नावे मिळाल्याने त्या सगळ्यांना मिळून ‘१८एक्सएक्स’ म्हणतात.

२. प्रकल्प पारखून घ्या

प्रकल्प कोणत्या भाषेत लिहिला आहे हे आधी पाहा. बुद्धिबळाचे स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे स्वतः चाली शोधून खेळणारा प्रोग्रॅम, सी प्लस प्लसमध्ये आहे. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा सर्व्हर स्काला भाषेत असून त्याचे ‘लीला’ हे नाव लीचेस आणि स्काला या दोन शब्दांच्या जोडणीतून आले आहे. युद्धखेळांचे ट्रिपलए आणि व्हॅसल हे प्रकल्प जावामध्ये आहेत, १८एक्सएक्स खेळ ऑनलाइन खेळण्याचे १८एक्सएक्स डॉट गेम्स हे संकेतस्थळ रुबीमध्ये, तर बोर्डगेम डॉट आयओ ही नवे खेळ बांधण्यासाठीची चौकट जावास्क्रिप्टच्या कुळातली आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांना जावा आणि पायथनची तोंडओळख असते. तुमचे तसेच असेल तर जावातला प्रकल्प सोपा जाईल. भाषा अगदीच नवी असली तरी घाबरून मागे फिरू नका, कारण पहिल्या कामासाठी ती भाषा लिहिता येण्यापेक्षा वाचता येणे जास्त उपयोगी पडते.

त्यानंतर प्रकल्प जिवंत आहे का ते तपासा. शेवटचा बदल कधी स्वीकारला गेला, अनोळखी लोकांच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात का आणि ती कोणत्या सुरात दिली जातात, हे पाहायला अर्धा तास पुरतो. प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांना मेंटेनर म्हणतात. एखाद्या प्रकल्पात मेंटेनर नवख्याच्या चुकीच्या बदलालाही समजावून उत्तर देत असतील, तर भाषा अवघड असूनही मी तोच प्रकल्प निवडीन.

स्टॉकफिशबद्दल मात्र एक इशारा देते. त्या इंजिनाच्या खेळण्यावर परिणाम करणारा कोणताही बदल फिशटेस्ट या व्यवस्थेत स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून तपासला जातो आणि त्यातून संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फायद्याचा ठरला तरच पुढे जातो. व्यवस्था अतिशय सुंदर आहे, पण पहिल्याच महिन्यात आपला बदल आत जावा अशी अपेक्षा घेऊन येणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

३. परवाना आणि नोकरीचा करार वाचा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात. प्रकल्पाच्या मुळाशी ‘लायसन्स’ नावाची फाइल असते. त्यात एमआयटी परवाना असेल, तर तो कोड कोणीही घेऊन बंदिस्त उत्पादनातही वापरू शकतो. तुमचे श्रमही तसे वापरले जातील, आणि हे मान्य असेल तरच पुढे जा. जीपीएल असेल, तर तो कोड वापरून केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यांना देणाऱ्याला त्याचा मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. एजीपीएल याहून एक पाऊल पुढे जातो : बदललेला कोड सर्व्हरवर चालवून लोकांना नुसती सेवा दिली, तरी त्या वापरकर्त्यांना मूळ कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. लीचेसच्या सर्व्हरला एजीपीएल लागू आहे आणि स्टॉकफिशला जीपीएलची तिसरी आवृत्ती. हे परवाने कागदापुरते नसतात. स्टॉकफिशच्या विकासकांनी २०२१मध्ये बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीविरुद्ध याच परवान्याच्या भंगासाठी जर्मनीत दावा दाखल केला होता आणि २०२२च्या नोव्हेंबरात त्यात तडजोड झाली.

नोकरी करणाऱ्यांनी आपले नियुक्तिपत्र पुन्हा काढून वाचावे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि कलम १७प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. काही कंपन्यांच्या करारांत तर नोकरीच्या काळात केलेल्या सगळ्याच निर्मितीवर हक्क सांगितलेला असतो. असे कलम दिसले तर मनुष्यबळ विभागाकडून लेखी परवानगी घ्या. मला ती एका ईमेलवर तीन दिवसांत मिळाली. परवानगी मिळाली तरी ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ आणि ऑफिसचा ईमेल या कामासाठी वापरू नका.

खेळांच्या बाबतीत आणखी एक बाजू असते. खेळ कसा खेळायचा ही कल्पना कॉपीराइटखाली येत नाही, पण नियमपुस्तकातला मजकूर, पटाचे चित्र आणि पत्त्यांवरची कला येते, तर खेळाचे नाव हा ट्रेडमार्क असू शकतो. म्हणून छापील पट स्कॅन करून प्रकल्पात टाकू नका आणि नियमांचे परिच्छेद कोडमधल्या टिपांमध्ये जसेच्या तसे उतरवू नका.

सुरुवात करण्यापूर्वी एवढे जवळ असू द्या :

- खेळाचे अधिकृत नियमपुस्तक आणि प्रकाशकाने दिलेली शुद्धिपत्रे
- प्रकल्पातल्या रीडमी (ओळख आणि उभारणीच्या सूचना), काँट्रिब्युटिंग (बदल कसे पाठवायचे ते), लायसन्स आणि आचारसंहिता या चार फाइली, पूर्ण वाचलेल्या
- नोकरीत असल्यास नियुक्तिपत्र आणि गरज असेल तर लेखी परवानगी
- गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचे किंवा प्रकल्प जिथे असेल तिथले खाते, दुहेरी पडताळणी सुरू केलेले
- गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन), एक कोड-संपादक आणि प्रकल्पाने सांगितले असल्यास डॉकर (लागणारी सॉफ्टवेअर एकत्र उभी करणारे साधन)
- एक वही. मी अजूनही पटाची स्थिती आधी वहीत काढते

४. कोड आपल्या संगणकावर चालवा

इथे सर्वांत जास्त लोक गळतात. कोड वाचण्याआधी खेळ आपल्या संगणकावर उभा राहिलेला दिसला पाहिजे, कारण बदल केल्यावर काय झाले हे पाहण्याचा दुसरा मार्ग नाही.

प्रथम प्रकल्पाची स्वतःची प्रत, म्हणजे फोर्क, आपल्या खात्यात घ्या आणि ती ‘गिट क्लोन’ने संगणकावर उतरवा. त्यानंतर रीडमीत लिहिलेल्या सूचना त्याच क्रमाने पाळा, आपल्या सोयीने गाळू नका. १८एक्सएक्स डॉट गेम्ससारख्या प्रकल्पात डॉकरमुळे डेटाबेस आणि सर्व्हर एकत्र उभे राहतात. लीचेसच्या सर्व्हरसाठी मात्र जावाची साधने, मोंगोडीबी आणि रेडिस हे डेटाबेस अशी मोठी जुळवाजुळव लागते. विंडोज वापरत असाल तर विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएलची सोय आधी बसवा आणि प्रकल्पाचा फोल्डर त्या लिनक्सच्या भागात ठेवा. तो विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवला तर सगळे फार हळू चालते.

आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर डॉकर, ब्राउझर आणि संपादक एकत्र चालवताना दम लागतो. नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्यात मेमरी वाढवता येते का ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानांत दाखवून घ्या; जाताना मॉडेल क्रमांक लिहून न्या, कारण अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डलाच जोडलेली असते आणि ती बदलता येत नाही. पहिल्या उभारणीत मोठे डाउनलोड होते, तेव्हा ते फोनच्या डेटावर न करता घरच्या ब्रॉडबँडवर करा.

या टप्प्यावरचे तीन सापळे मला किंवा माझ्या ओळखीच्या लोकांना प्रत्यक्ष भोवले आहेत.

पहिला सापळा पासवर्डचा. गिटहब १३ ऑगस्ट २०२१पासून कोड पाठवताना खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही. एसएसएच किल्ली किंवा टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची गुप्त खूण, लागते. जुने व्हिडिओ पाहून पासवर्ड टाकत राहणारे लोक खाते बंद पडले असे समजून तिथेच थांबतात.

दुसरा सापळा ओळींच्या शेवटाचा. विंडोज आणि लिनक्समध्ये ओळ संपल्याची खूण वेगळी असते. ही मांडणी जुळवून घेतली नाही, तर तुम्ही एक अक्षर बदललेले असते आणि गिट मात्र सगळी फाइल बदलल्याचे दाखवते. कमिट, म्हणजे बदलाची गिटमध्ये पक्की नोंद, करण्याआधी ‘गिट डिफ’ने काय बदलले आहे ते प्रत्येक वेळी डोळ्यांनी वाचा.

तिसरा सापळा ईमेलचा. गिटमध्ये भरलेला ईमेल पत्ता प्रत्येक कमिटवर कायमचा उमटतो आणि सगळ्या जगाला दिसतो. गिटहबच्या मांडणीत पत्ता खाजगी ठेवण्याची सोय आहे. ती सुरू करा आणि तिथे मिळणारा पर्यायी पत्ता गिटमध्ये भरा. हे पहिल्या कमिटच्या आधी करायचे असते, नंतर जुने कमिट पुसणे फार कटकटीचे होते.

५. खेळाचा कोड कसा विचार करतो ते समजून घ्या

खेळ उभा राहिला की लगेच काही दुरुस्त करायला जाऊ नका. दोन-तीन संध्याकाळी नुसते वाचा. बोर्ड गेमचा कोड बाकीच्या संकेतस्थळांच्या कोडपेक्षा काही बाबतींत वेगळा असतो आणि तो वेगळेपणा कळला की अर्धे काम हलके होते.

पहिली गोष्ट म्हणजे स्थिती आणि चाल यांची फारकत. स्थिती म्हणजे या क्षणी पटावर काय आहे, कोणाकडे किती पैसे आहेत आणि पाळी कोणाची आहे याची संपूर्ण नोंद. चाल म्हणजे त्या स्थितीतून पुढची स्थिती काढणारा नियम. चांगल्या प्रकल्पात हे दोन्ही पडद्यावर चित्र काढणाऱ्या कोडपासून वेगळे ठेवलेले असतात. नियमांचा कोड कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि चित्रांचा कोणत्या, एवढे शोधणे हाच पहिल्या संध्याकाळचा अभ्यास.

दुसरी गोष्ट, अनेक प्रकल्प पटाची आजची स्थिती साठवतच नाहीत. ते फक्त चालींची यादी साठवतात आणि खेळ उघडला की पहिल्या चालीपासून सगळ्या चाली पुन्हा चालवून आजची स्थिती काढतात. १८एक्सएक्स डॉट गेम्सची पद्धत हीच आहे. यामुळे चाल मागे घेणे सोपे होते आणि कोणताही जुना डाव मध्येच थांबवून पाहता येतो. पण याचा परिणाम असा की आज तुम्ही नियमांचा कोड बदललात, तर महिन्याभरापूर्वी सुरू झालेला डावही उद्या तुमच्या नव्या कोडने पुन्हा चालवला जाईल. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटच्या टप्प्यावर त्याच्याकडे परत यायचे आहे.

तिसरी गोष्ट नशिबाची. फासे किंवा पत्त्यांची पिसणी यांसाठी भाषेतले तयार यादृच्छिक आकड्याचे फंक्शन थेट वापरले, तर डाव पुन्हा चालवताना वेगळेच दान पडेल. म्हणून प्रकल्पाने दिलेली बीजावर आधारलेली सोयच वापरावी लागते. एकाच बीजापासून, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या आकड्यापासून, दर वेळी तेच दान निघते. बोर्डगेम डॉट आयओमध्येही यादृच्छिक आकडे चौकटीकडूनच घ्यायचे असतात.

चौथी गोष्ट गुपितांची. समोरच्याच्या हातातले पत्ते पडद्यावर झाकून ठेवले एवढ्याने ते लपत नाहीत. ते त्याच्या ब्राउझरपर्यंत पोहोचले असतील, तर थोडी माहिती असलेला कोणीही ते वाचू शकतो. म्हणून लपवायची माहिती सर्व्हरवरच गाळून मग पाठवायची असते.

६. चूक शोधा आणि तिचा पुरावा तयार करा

‘नवख्यांसाठी योग्य’ अशी खूण लावलेल्या कामांची यादी बहुतेक प्रकल्पांत असते; इंग्रजीत तिला ‘गुड फर्स्ट इश्यू’ म्हणतात. ती जरूर पाहा, पण त्यातली सोपी कामे लवकर उचलली जातात. माझा अनुभव असा की स्वतः खेळताना सापडलेली चूक जास्त चांगली, कारण ती तुम्हाला आतून समजलेली असते.

माझी पहिली तक्रार चुकीची होती आणि ती का चुकली हे सांगण्यासारखे आहे. ‘१८३०’ या १८एक्सएक्स खेळात गाड्यांना २, ३, ४ असे क्रमांक असतात. त्यात पहिली ४-गाडी विकली गेली की सगळ्या २-गाड्या भंगारात जातात आणि त्याच वेळी प्रत्येक कंपनीला ठेवता येणाऱ्या गाड्यांची मर्यादा चारवरून तीनवर येते. माझ्या कंपनीकडे चार ३-गाड्या होत्या; दुसऱ्या कंपनीने ४-गाडी घेताच संगणकाने मला एक गाडी टाकून द्यायला लावली. माझी समजूत होती की मर्यादा माझी पाळी आल्यावर तपासली जावी. मी तावातावाने तक्रार लिहिली. नियमपुस्तकात ही घट तत्काळ लागू होते असे स्पष्ट होते आणि मेंटेनरने तेवढेच लिहून ती शांतपणे बंद केली. तेव्हापासून कोणतीही तक्रार लिहिण्याआधी मी नियमपुस्तकातले ते पान उघडे ठेवते.

पुराव्यासहित तक्रारीत पाच गोष्टी असाव्यात : खेळाचे नाव आणि नियमपुस्तकाची आवृत्ती, चुकीच्या स्थितीपर्यंत पोहोचण्याच्या कमीत कमी चाली, संगणकाने काय केले, काय करायला हवे होते, आणि कोणत्या पानावरच्या कोणत्या नियमाप्रमाणे. बुद्धिबळात पटाची संपूर्ण स्थिती एका ओळीत लिहिण्याची एफईएन पद्धत आहे; तिच्यामुळे चालींची लांबलचक यादी देण्याची गरज उरत नाही. बाकीच्या खेळांत डाव फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय असते, ती फाइल जोडा. पडद्याचे चित्र जोडा, पण नुसत्या चित्रावर थांबू नका. चित्रावरून डाव पुन्हा चालवता येत नाही.

तक्रार लिहिण्याआधी तीच तक्रार आधी कोणी केली आहे का ते बंद झालेल्या तक्रारींतही शोधा. नंतर ‘ही दुरुस्ती मी करू का’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला सापडलेली पहिली खरी चूक एका कमी खेळल्या जाणाऱ्या खेळात होती : पाच खेळाडूंचा डाव असताना प्रत्येकाला जास्तीत जास्त १३ शेअर सर्टिफिकेटे ठेवता यायला हवी होती, कोडमध्ये १४ लिहिले होते. एका आकड्याची दुरुस्ती.

७. चाचणी आधी, दुरुस्ती नंतर

तुमच्या पुराव्याचे रूपांतर आता चाचणीत करायचे. चाचणी म्हणजे ‘या स्थितीत ही चाल नाकारली गेली पाहिजे’ असे संगणकाला तपासायला लावणारा छोटा कोड. ती आधी लिहा आणि जुन्या कोडवर चालवा. ती तिथे नापास झाली पाहिजे. मग दुरुस्ती करा आणि ती पास झालेली पाहा. दुरुस्तीनंतर लिहिलेली चाचणी कधीकधी चुकीच्या कोडवरही पास होत असते आणि ते कळतही नाही. मी व्यवसायाने तपासनीस असूनही सुरुवातीला हा क्रम पाळला नव्हता.

बुद्धिबळाच्या प्रकल्पांत यासाठी पर्फ्ट नावाची सुरेख पद्धत आहे. एखाद्या स्थितीतून ठरावीक खोलीपर्यंत खेळता येणाऱ्या सगळ्या चालींच्या मालिका संगणकाने मोजायच्या आणि आधीच माहीत असलेल्या आकड्याशी ताडायच्या. सुरुवातीच्या स्थितीतून एका चालीनंतर २०, दोन चालींनंतर ४००, तीननंतर ८,९०२, चारनंतर १,९७,२८१ आणि पाचनंतर ४८,६५,६०९ हे आकडे येतात. इथे पांढऱ्याची आणि काळ्याची चाल वेगवेगळी मोजलेली आहे. तुमच्या कोडचा आकडा एकानेही चुकला, तर चालींच्या नियमांत, उदाहरणार्थ शह ओळखताना किंवा प्याद्याने जाता जाता मारताना, कुठेतरी गफलत आहे. बुद्धिबळातून सुरुवात करणार असाल तर पायथनमध्ये हे एकदा स्वतः लिहून पाहा. चालींचे नियम तुम्हाला किती नेमके माहीत आहेत ते एका रविवारात कळेल.

१८एक्सएक्ससारख्या खेळांत इतके नेटके आकडे नसतात. तिथे पूर्ण झालेले डाव फाइलच्या रूपात साठवून ठेवतात आणि प्रत्येक बदलानंतर ते पहिल्यापासून चालवून निकाल तोच येतो का ते पाहतात. म्हणून तुमची स्वतःची चाचणी पास झाली की प्रकल्पातल्या बाकीच्या सगळ्या चाचण्याही चालवा, शैली तपासणारे साधन असेल तर तेही चालवा.

८. बदल पाठवा

मुख्य शाखेवर काम करू नका. प्रत्येक दुरुस्तीसाठी वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढा आणि तिला ओळखू येईल असे नाव द्या. एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीत, एकच गोष्ट असावी. आकडा दुरुस्त करताना शेजारच्या फाइलीतली मोकळी जागा नीट करण्याचा मोह होतो; मी तो आवरला नाही आणि एका आकड्याच्या बदलात अकरा फाइली बदललेल्या दिसू लागल्या. मेंटेनरने त्या वेगळ्या करायला सांगितल्या आणि त्यात माझा आठवडा गेला.

वर्णन इंग्रजीत लिहावे लागते, पण ते अलंकारिक असण्याची काहीच गरज नाही. काय चुकत होते, कोणत्या नियमाप्रमाणे, काय बदलले, कसे तपासले आणि कोणत्या तक्रारीशी याचा संबंध आहे, अशी चार-पाच छोटी वाक्ये पुरतात. काही प्रकल्पांत प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे असे त्या ओळीने तुम्ही जाहीर करता, म्हणून ती नुसता उपचार समजून टाकू नका.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून कोड लिहून घेतला असेल, तर प्रकल्पाचे त्याविषयीचे धोरण आधी पाहा. काही प्रकल्प तो घेत नाहीत, काही तो उघड करायला सांगतात. धोरण काहीही असो, ज्या ओळीचे कारण विचारल्यावर तुम्हाला सांगता येणार नाही ती ओळ पाठवू नका. आणि केवळ संख्या वाढवण्यासाठी रीडमीतला एखादा शब्द बदलून पाठवू नका. २०२०च्या ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी असे हजारो निरर्थक बदल पाठवले गेले, मेंटेनर हैराण झाले आणि त्या उपक्रमाच्या आयोजकांना प्रकल्पाची संमती घेण्याचा नियम करावा लागला. ज्यांचा वेळ आपण घेतो तेही आपल्यासारखेच फावल्या वेळात काम करणारे लोक असतात.

९. उत्तराची वाट पाहा आणि उत्तराला उत्तर द्या

युरोपातले किंवा अमेरिकेतले मेंटेनर नोकरी आटोपून बसतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते किंवा पहाट झालेली असते. एका प्रश्नोत्तराला एक पूर्ण दिवस जातो, हे गृहीत धरा. दोन आठवडे काहीच उत्तर आले नाही, तर एक सभ्य आठवण करा; रोज करू नका.

रिव्ह्यूमध्ये, म्हणजे मेंटेनरने केलेल्या तपासणीत, बदल सुचवले जातात तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटते. इंग्रजीतली तोकडी वाक्ये रागाची वाटतात, बहुधा ती तशी नसतात. प्रत्येक सूचनेला वेगळे उत्तर द्या : केले असेल तर केले असे, पटत नसेल तर कारणासह. नवी विनंती न उघडता त्याच ब्रँचवर पुढचे कमिट टाका, म्हणजे आधीची चर्चा हरवत नाही.

१०. चालू डाव मोडणार नाहीत याची खात्री करा

आता पाचव्या टप्प्यातल्या त्या वाक्याकडे परत येऊ. माझ्या एका आकड्याच्या बदलाला मेंटेनरने विचारलेला पहिला प्रश्न कोडविषयी नव्हता. ‘पाच खेळाडूंचे जे डाव सध्या चालू आहेत, त्यांत कोणी चौदावे सर्टिफिकेट आधीच घेतले असेल तर काय होईल’ असे त्यांनी विचारले होते. मी तपासले. असा डाव नव्या कोडने पुन्हा चालवला की चौदावे सर्टिफिकेट घेण्याची चाल बेकायदा ठरत होती आणि डाव तिथेच अडकत होता. त्यापुढच्या सगळ्या चाली, म्हणजे पाच माणसांच्या कित्येक संध्याकाळी, त्या एका ओळीमुळे बंद पडल्या असत्या.

म्हणून नियमांना स्पर्श करणारा कोणताही बदल पाठवताना स्वतःहून लिहा : याने कोणते चालू डाव मोडू शकतात आणि का. मग उपाय मेंटेनर ठरवतात. १८एक्सएक्स डॉट गेम्समध्ये मोडणारे डाव जुन्या कोडच्या आवृत्तीला बांधून ठेवण्याची सोय आहे. तिथे त्याला पिन करणे म्हणतात. ते डाव जुन्याच नियमाने संपतात आणि नवे डाव नव्या नियमाने सुरू होतात. दुसरा उपाय म्हणजे कोडमध्येच तारखेची किंवा आवृत्तीची अट घालणे. तो तात्पुरता ठीक असतो, पण अशा अटी साचत गेल्या की पुढच्या माणसाला कोड वाचणे अवघड होते, म्हणून मला पहिला उपाय जास्त पटतो.

आमच्या प्रकल्पात तपासल्यावर असा एकच डाव निघाला. तो जुन्या आवृत्तीला बांधला गेला, त्यानंतर माझा बदल मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला गेला, आणि त्या डावातल्या पाचही खेळाडूंना मेंटेनरने कारणासह कळवले. बदल मर्ज झाल्यावर तुम्हीही त्या तक्रारीवर निदान महिनाभर लक्ष ठेवा आणि कोणी नवी अडचण लिहिली तर पहिले उत्तर तुमचे असू द्या. मी तो बांधलेला डाव रोज रात्री घरी आल्यावर उघडून पाहत असे. तो सात आठवड्यांनी संपला, आणि चौदा सर्टिफिकेटे घेतलेला खेळाडू त्यात तिसरा आला.